जीभभाऊ

आमच्या दुकानात पाइपच्या तंबाखूच्या बावीस बरण्या आहेत आणि प्रत्येक बरणीच्या गळ्यात दोरीने एक वही टांगलेली आहे. वहीत शेरे आहेत. ज्यांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं पाइप ओढला अशा लोकांनी ते लिहिलेत. मी स्वतः कधी ओढला नाही, आणि वाचायलाही मला बेताचंच येतं. दुसरी पास आहे मी. तिसरीत नऊ दिवस बसले, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवून घेतलं. पण या वह्यांमधलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या गल्लीत कुणाला कळत नाही. ही फुशारकी वाटली तर वाटू दे, मी कुणाच्या घरचं खात नाही.

वह्यांची पद्धत आमच्या यांची. नवा माणूस दुकानात आला की हमखास विचारायचा, "तुमच्याकडची सगळ्यात चांगली कोणती?"

हे म्हणायचे, "सगळ्यात चांगला जोडा कोणता, असं विचारताय तुम्ही. कुणाच्या पायाला?"

मग त्याला स्टुलावर बसवायचे. आजवर ओढलेल्यांपैकी जिवापाड आवडलेली एक सांगा, आणि अर्धी ओढून झटकून टाकली अशी एक सांगा. त्याने सांगितलं की त्या दोन्हींच्या वह्या पुढ्यात ठेवायचे. हीच आवडलेली आणि हीच टाकलेली, असा माणूस शेरे लिहिणाऱ्यांत शोधायचा. सापडला की झालं. "हा तुमचा जीभभाऊ," हे सांगायचे. "आता डोकी मोजू नका. दहा जणांनी वाहवा केली आणि त्यातल्या एकाचीही जीभ तुमच्यासारखी नसली, तर ती वाहवा काय चाटायची आहे? हा एकटा जिथे जाईल तिथे त्याच्या मागे जा."

उलटीही सोय होती. एक म्हातारी नर्सबाई यायची, तिला सगळे कडूकाकू म्हणायचे. तिला गोडाचा तिटकारा. तिने एखाद्या बरणीवर 'लाडावलेल्या पोरासारखी' असं लिहिलं, की गोड आवडणारे लोक तीच बरणी मागायचे. तिला पटायचं नाही हे, पण तिच्या शिव्यांवर आमच्या दोन बरण्या वर्षानुवर्षं खपल्या.

नियम एकच होता, पण कडक. आधी लिहायचं, मग वाचायचं. शेरा सुट्ट्या चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मागाहून आमची सून तो वहीत चिकटवायची. दुसऱ्याचं वाचून ओढलं की दुसऱ्याचीच चव लागते, असं हे म्हणायचे.

लिहिणाऱ्यांत पहिला मान घड्याळजींचा. चार दुकानं सोडून त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. गुरुवारी ते बंद, म्हणून गुरुवारी हा माणूस सकाळी दहाला आमच्या दारातल्या बाकावर येऊन बसायचा तो दिवे लागेपर्यंत. बोलणं थोडं, पण लिहायचे असं की माझ्यासारखीला डोळ्यांपुढे दिसावं. सात नंबरच्या वहीतला त्यांचा शेरा मला पाठ आहे, सुनेकडून दहादा वाचून घेतलाय: 'पहिल्या झुरक्याला ओल्या लाकडाचा वास. मधे काहीच नाही, उगाच ताटकळत ठेवते. शेवटी मनुका. घाई कराल तर जीभ पोळेल.' आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचे जीभभाऊ घड्याळजीच होते. आणि घड्याळजींना कुणी विचारलं तर ते यांच्याकडे बोट दाखवायचे. तीस वर्षं दोघं एका तोंडाची माणसं.

चार वर्षांपूर्वी यांना ताप आला. नऊ दिवसांनी उतरला, हे उठले, दुकानात बसायला लागले. मला वाटलं, सुटलो.

एकदा मी मागे कपडे वाळत घालत होते, तर दूध करपल्याचा वास बाहेरपर्यंत आला. धावत आत गेले. शेगडीपासून दोन हातांवर हे पेपर वाचत बसलेले, भांड्याचा तळ काळा झालेला, खोलीत धूर.

"अहो, नाक कुठे गहाण ठेवलंय?"

यांनी पेपर खाली केला. हसतील म्हणून मी वाट बघितली. हसले नाहीत.

"दोन महिने झाले," हे म्हणाले. "तापापासून. कशालाच वास नाही. चव नाही. पाइप ओढतो ते गरम वारा गिळल्यासारखं."

"मग लोकांना काय सांगता दुकानात?"

"वहीत असतं ते सांगतो."

मी शेगडी बंद केली. भांडं घासायला घेतलं, घासता घासता ठरवून टाकलं की हे या चार भिंतींच्या बाहेर जायचं नाही. तंबाखूवाल्याची जीभ मेली असं कळलं, तर लोक येतील ते बघायला. घ्यायला कुणी येणार नाही. सुनेलासुद्धा सांगितलं नाही.

तेव्हापासून मी दुकानात जास्त बसू लागले. कुणी म्हटलं, "शेठ, ही नवी जरा ओढून सांगा ना," की मला मागून यांना हाक मारायची असायची. कधी नळ गळतोय, कधी कुणी भेटायला आलंय. लोक म्हणायचे, म्हातारीने नवऱ्याला भारी धाकात ठेवलंय. म्हणू दे.

घड्याळजींची मला सगळ्यात भीती. तो माणूस दिवसभर हातभर अंतरावर बसणार, आणि बारीक बघणं हाच त्याचा धंदा. म्हणून मी त्यांना टोचून टोचून हैराण केलं. "घड्याळजी, तुमच्या दुकानात घड्याळं एकटीच असतात वाटतं?" "घड्याळजी, बाक झिजला, आता एक काटा बसवा म्हणजे तुम्हीही भिंतीवर लागाल." ते रागवायचे नाहीत. पाइप तोंडातून काढून म्हणायचे, "वहिनी, तुमच्या जिभेचा शेरा कुणी लिहायचा?"

"लिहा की. शाई पुरली तर."

पण खरं सांगायचं तर दुकान त्यांच्याच जोरावर चाललं होतं. तंबाखूचं नवं पान आलं की हे जुन्या मापाने मिश्रण करायचे आणि पहिली चिमूट घड्याळजींना द्यायचे. घड्याळजी चिठ्ठी लिहायचे, 'धूर जड झालाय.' की हे काळं पान कमी करायचे. 'पोकळ लागते.' की वाढवायचे. एका माणसाच्या जिभेवर आमचं दुकान उभं होतं, आणि ती जीभ आमच्या घरातली नव्हती.

अशी चार वर्षं निघाली. चौथ्या वर्षी दिवसच कुंद होते. दुपारी बारालासुद्धा दुकानात दिवा लावायला लागायचा. लाकडाची फडताळं फुगलेली, काचेवर आतून दमट थर. अशात अकरा नंबरची वडी उघडायची वेळ आली. अकरा नंबर म्हणजे फळ्यांमध्ये दाबून दोन वर्षं ठेवलेलं पान, विटेएवढ्या दोन वड्या. चांगली मुरली की त्यावर पांढरी कणी येते, साखर सांडल्यासारखी. त्याला आम्ही साखर फुलली म्हणतो. पण बुरशीही पांढरीच असते. डोळे थकले की दोन्हींत फरक दिसत नाही, तिथे नाक लागतं.

यांनी पहिल्या वडीला गुंडाळलेलं फडकं सोडलं. वडीवर पांढरं आलेलं. यांनी कड कापून चुरा केला, घड्याळजींना भरून दिला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. घड्याळजी बराच वेळ ओढत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, अकरा नंबरची वही द्या बरं जरा."

ते आधी वाचतायत हे मी बघितलं. नियम मोडला हे माझ्या लक्षात आलं. म्हातारपण, म्हटलं, शब्द आठवत नसतील.

त्यांनी लिहिलं: 'साखर फुलली आहे. मुरलेली, मऊ. जुन्या लाकडी पेटीचा वास. शेवटी मनुका. या वर्षातली सगळ्यात चांगली.'

सुनेने वाचून दाखवलं तेव्हा यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. स्वतःला काही कळत नसलं तरी हाताने केलेलं चांगलं निघालं, एवढाच आनंद उरला होता त्यांना.

संध्याकाळी बरणी पुसायला मी झाकण काढलं. बादलीत ओलं फडकं विसरावं आणि चार दिवसांनी हात घालावा, तसा वास. मी झाकण हातात धरून उभी राहिले. परत वास घेतला. फडकंच.

सुनेला हाक मारली. "चिठ्ठी वाच ती परत."

तिने वाचली. जुनी पेटी. मनुका. सगळ्यात चांगली.

आता ऐका माझा मूर्खपणा. जन्मभर मी लिहिलेल्याला कधी घाबरले नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीला नाही, नगरपालिकेच्या नोटिशीला नाही, सुनेच्या माहेरच्या लांबलचक पत्रांना तर मुळीच नाही. आणि त्या दिवशी मी म्हटलं, चाळीस वर्षं पाइप ओढलेल्या माणसाने लिहिलंय, तुला काय कळतंय. झाकण लावलं. नाकाला म्हटलं, गप्प बस.

बारा दिवसांत ती वडी संपली.

त्यानंतर काही झालं नाही. कुणी भांडायला आलं नाही, कुणी डबा आपटला नाही. माणसं फक्त यायची थांबली. कडूकाकू रस्त्यावर भेटली, म्हणाली, "हल्ली कमी केलंय." लांबून येणारे ते दोघे भाऊ, दर महिन्याला पाच नंबर न्यायचे, तेही दिसेनात. हे दाराकडे बघत बसायचे. "हवा खराब आहे," म्हणायचे.

मग एका दुपारी छापखान्यातला आला. हाताच्या नखांत कायम शाई असलेला हा भला माणूस, घड्याळजींच्या शेऱ्याबाहेर पाऊल न टाकणारा. हे आत आडवे झाले होते. त्याने खिशातून अकरा नंबरचा डबा काढून हलकेच फळीवर ठेवला. त्यात थोडी उरली होती.

"परत घ्या म्हणत नाही," तो म्हणाला. "फक्त घड्याळकाकांना विचारायचं होतं, मनुका नेमकी कधी येते? मी महिनाभर ओढतोय. रोज. हळू ओढून बघितली, वाळवून बघितली. मला नुसतं पोतेरं लागतं."

"मग टाकून द्यायची."

"असं कसं, आजी. त्यांनी लिहिलंय. माझीच जीभ बिघडली असणार." तो खोकला, बराच वेळ, भिंतीला हात टेकून. "डॉक्टरकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, जिभेला काही झालेलं नाही, छाती तेवढी भरलीय. त्याला काय कळतंय तंबाखूतलं."

मी त्याला पाणी दिलं. डबा उघडून नाकाशी धरला. तेच फडकं, आता सुकलेलं. हा माणूस माझ्यासारखाच निघाला. त्याने जिभेला गप्प बस म्हटलं होतं, आणि तिचं ऐकलं नाही म्हणून महिनाभर बुरशी ओढली होती.

"ओढू नका ही," मी म्हटलं. "काकांना मी विचारते."

गुरुवारी हे तंबाखूचं पान आणायला व्यापाऱ्याच्या गोदामात गेले होते. मी घड्याळजींचा पाइप मागून घेतला आणि आत जाऊन स्वतः भरला. तीन नंबर भरली. धुरावर वाळवलेलं काळं पान ते. घड्याळजींनी वीस वर्षांपूर्वी त्यावर लिहिलं होतं, 'ओलं पोतं जाळल्यासारखी', आणि कुणी ती पेटवली तर ते बाकावरून उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे.

"घ्या," मी म्हटलं. "अकराची दुसरी वडी. सांगा कशी आहे."

त्यांनी पेटवली. माझ्या डोळ्यांना पाणी आलं त्या धुराने. ते डोळे अर्धे मिटून ओढत राहिले.

"मऊ," ते म्हणाले. "पहिलीपेक्षाही मुरलेली. शेवटी मनुका येणार."

"घड्याळजी, ती तीन नंबर आहे."

भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच दुरुस्त केलेलं. ते एकटंच बोलत होतं. घड्याळजींनी पाइप तोंडातून काढला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, तुम्ही फार वाईट बाई आहात," ते शांतपणे म्हणाले.

"ते जुनंच आहे. कधीपासून?"

"दीड वर्ष. छातीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हापासून. आधी गोड गेलं. मग एकेक करून सगळंच."

"आणि लिहीत काय होता?"

"जुनं वाचून. आणि तो काय म्हणतो त्यावरून. तो बोलून जातो ना, यंदा पान मऊ आलंय, यंदा धूर जरा जड आहे. त्याला धरून लिहायचो. त्याची जीभ शाबूत आहे, मग मला कशाची भीती? तीस वर्षं तोच माझा जीभभाऊ."

मी पोत्यावर बसले. हे जे बोलून जात होते, ते घड्याळजींच्याच मागच्या चिठ्ठीतलं. घड्याळजी ते ऐकून पुढची चिठ्ठी लिहीत होते. दोन विहिरी, दोन्ही कोरड्या, आणि मधे दोघे बादल्या घेऊन येरझारा घालतायत. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. आयुष्यात फार थोड्या वेळा मी आलेला शब्द गिळलाय. तो गिळला.

"त्याला सांगू नका," घड्याळजी म्हणाले. "चव गेलेल्या माणसाने या बाकावर कशासाठी बसायचं? आणि घरी मला कोण आहे. घड्याळं आहेत, ती एकमेकांशी बोलतात."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

शब्द दिला. आणि दुसरी वडी सोमवारी उघडायची होती.

शनिवार, रविवार मी कुणाशी धड बोलले नाही. सुनेने दोनदा विचारलं, "आई, माझं काही चुकलं का?" तिला म्हटलं, "तुझं काय चुकणार, तू कधी काही करतेस का?" बिचारी भांडी घासायला निघून गेली. तिच्यावर निघायला नको होतं.

सोमवारी पहाटे मी एकटीने वडीचं फडकं सोडलं. नाक लावलं. मग सुनेला उठवून आणलं.

"चिठ्ठी घे. लिही. अकरा नंबर. विसरलेल्या ओल्या फडक्याचा वास. पहिल्या वडीलाही होता, दुसरीलाही आहे. ही साखर नाही, बुरशी आहे. विकू नये."

तिचं पेन थांबलं. "आई, वर घड्याळकाकांचा शेरा आहे. बाबांच्या मनाला लागेल."

"छापखानेवाल्याच्या छातीला लागलं ते दिसलं नाही ना तुला. लिही."

"खाली नाव कुणाचं?"

"आण इकडे. नाव काढता येतं मला."

मी सही केली. तिने खळ लावून चिठ्ठी वहीत चिकटवली. मी यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं, घड्याळजींना दिलेला शब्द तसाच होता. असं मी मनाला समजावलं. मन काही फार समजलं नाही.

हे आले, दिवा लावला, हात पुसले, वडी काढण्याआधी सवयीने वही उघडली. वाचून झाल्यावर बराच वेळ त्यांचं बोट माझ्या सहीवर होतं.

"तुला पहिल्या वडीलाच वास आला होता?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"लिहिलेलं होतं."

हे खाली बसले. "चाळीस वर्षं तू कुणाचं ऐकलं नाहीस," हे म्हणाले. "ऐकलंस ते नेमकं तेव्हा."

मग ते उठले. सगळ्या बावीस वह्या उतरवल्या आणि फळीवर मांडून घड्याळजींच्या चिठ्ठ्या वाचत बसले. दुपारचं जेवण तसंच राहिलं. चिठ्ठ्यांवरच्या तारखांप्रमाणे गेल्या दीड वर्षात मनुका अकरा वेळा आली होती. जिथे कधी नव्हती तिथेही आली होती, कडूपणाबद्दलच जिची ख्याती त्या नऊ नंबरातसुद्धा. चारच्या सुमाराला यांनी शेवटची वही मिटली.

"मीच त्याला सांगत होतो," हे म्हणाले. "काय लिहायचं ते."

मी वह्या परत बरण्यांना टांगायला घेतल्या. शब्द दिला होता, आणि आता बोलण्यासारखं उरलंही नव्हतं.

यांनी वडी मागे नेऊन पाण्याच्या पिंपात बुडवली. मग सुनेकडून कोरा कागद घेतला, स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दाराच्या काचेवर चिकटवला. 'गेली चार वर्षं मला चव आणि वास नाही. या चार वर्षांतला माझा सल्ला आणि वह्यांमधले शेरे खरे धरू नयेत. अकरा नंबर ज्यांनी नेली त्यांनी ओढू नये.' खाली सही, दुकानाचा शिक्का.

"शेरे दीड वर्षांचे वाईट," मी म्हटलं. "तुम्ही चार का लिहिता?"

"आधीचे शेरे खरे असतील. मी ते स्वतःचे म्हणून विकले."

"आणि लोकांना दारावर कशाला? एकेकाला बोलावून सांगा. उद्या पोरं वाचतील ते."

"वाचू दे."

मी कागद ओढायला हात वर केला होता. चार वर्षं मी जे पदराखाली झाकून ठेवलं ते यांनी काचेवर लावलं, बाहेरच्या बाजूला तोंड करून. हे मला अडवायला आले नसते. तसेच बसून राहिले असते, एवढंच. हात खाली घेतला.

गुरुवारी दहा वाजता घड्याळजी आले. काचेपाशी थांबले. कामाचं भिंग सुट्टीच्या दिवशीही कपाळावरच असायचं, ते त्यांनी डोळ्यावर ओढलं आणि वाचलं. एवढ्या मोठ्या अक्षरांना भिंग कशाला लागतं. त्यांचं नाव त्यात कुठे नव्हतं. पण ज्या जिभेवर विसंबून ते लिहीत होते ती चार वर्षांपूर्वीच गेली होती, हे त्यांना रस्त्यावर उभं राहून कळलं. आत हे उठून उभे राहिले होते. दोघांच्या मधे काच आणि तो कागद.

घड्याळजी वळले आणि निघून गेले.

पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. यांनी जाऊन बघितलं नाही. त्यांना जायचं नव्हतं असं नाही, दोनदा दारापर्यंत जाऊन टोपी परत खुंटीला लावली. छापखान्यातला एकदा येऊन गेला. छाती बरी होती, पण पाइप सोडला म्हणाला. जिभेवरचा विश्वास गेला म्हणाला.

शेवटी मी गेले. सात नंबरचा डबा भरून घेतला, ती तेवढी चांगली निघाली होती, मी स्वतः चार वेळा नाक लावून बघितलं होतं.

घड्याळजी वाकून काम करत होते. दुकानात शंभर एक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी.

"बाक रिकामा आहे," मी म्हटलं.

"बरं झालं. झिजला होता."

"यांना तुमच्यावर राग नाही."

"मला आहे," ते म्हणाले. वर बघितलं नाही. "चार वर्षं, वहिनी. तो बोलायचा आणि मी लिहून घ्यायचो. मला वाटायचं मी एकटाच चोर आहे, निदान तो खरा आहे."

"त्यांनाही तेच वाटायचं."

"आणि तुम्हाला दोघांचंही माहीत होतं."

डबा मी त्यांच्या पुढ्यात ठेवला. "सात नंबर. ओल्या लाकडाचा वास आहे, खरा. मी सांगते तुम्हाला झुरक्या-झुरक्याला काय वास येतो ते. तुम्ही नुसते ओढा."

त्यांनी डबा उचलला. उघडला नाही. त्यांच्या मागच्या फळीवर लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि कधी न्यायला न आलेली घड्याळं ठेवलेली असतात, प्रत्येकाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. त्यांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, पेन्सिलीने लिहिलं, डब्याला बांधली आणि डबा त्या रांगेत शेवटी ठेवला.

"काय लिहिलंत?"

"तुम्हाला वाचता येतं. दुसरी पास आहात."

मी फळीपाशी गेले. एकेक अक्षर लावत वाचलं. 'सात नंबर. चव कळली नाही.'

"हा शेरा वहीत लावू का?" मी विचारलं.

"लावा. दीड वर्षातला तेवढाच खरा आहे."

"गुरुवारी याल?"

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि उघड्या घड्याळात बघू लागले. मी परत आले.

शेरा सुनेने सातच्या वहीत चिकटवला. यांनी वाचला, आणि कागद तसा काचेवरच राहू दिला. उन्हाने आता त्याची अक्षरं फिकी पडलीत. कुणी चुकून आलं तर मी झाकण उघडून वास घेते आणि जे येतं ते सांगते. कमी सांगते, कारण मला कमीच येतं. गुरुवारी मात्र त्या बाकावर मी कुणाला बसू देत नाही. बसायला येतंय कोण म्हणा.